खासदारांची यमकं आणि एक लेखी उत्तर

मागच्या हिवाळ्यात पिंपरीत एका कविसंमेलनात मी कविता वाचली. संमेलन म्हणजे काय, तर वरच्या मजल्यावरचा हॉल, चाळीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्या कवींनीच भरलेल्या. माझी कविता भट्टीवरची होती. मी चाकण पट्ट्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडं काम करतो. भट्टीतून लालबुंद बिलेट बाहेर येतं, ते सांडशीनं धरून रोलच्या तोंडात द्यायचं, आणि तेवढ्या वेळात माणसाचं काय काय जळतं, असा तिचा विषय. मला यमक जुळवायची खोड आहे. शिकवायला कुणी नव्हतं. चौदा एप्रिलच्या रात्री गायन पार्ट्यांपुढं सतरंजीवर बसून जे कानात गेलं तेच आपलं शिक्षण. तर कविता संपली आणि मागून एक जण मोठ्यानं बोलला, ‘‘अरे, हा तर आपला आठवले!’’

हॉल हसला. सूत्रसंचालक हसले. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मीही हसलो.

घरी येईपर्यंत ते हसू तोंडात कडू झालं होतं. कशाला हसलो मी? माझी कविता वाईट असेल तर तसं सांगा, ऐकून घेईन. पण भट्टीवरच्या कवितेला यमक आहे म्हणून ती रामदास आठवल्यांची झाली? आणि आठवल्यांची झाली म्हणजे हसण्याची झाली? मग मी असं ठरवलं की ज्या माणसाच्या नावावरून आपल्याला हसतात त्या माणसाचं एकूण लिखाण-बोलणं एकदा नीट तपासून बघायचं. समीक्षा करायची म्हणा. आपल्याकडं साहित्याची समीक्षा करणारे पुष्कळ झाले, पण खासदाराची कुणी करत नाही. त्याची एकतर मिरवणूक काढतात, नाहीतर मीम.

आधी माणूस समजून घेऊ. तुमच्यापैकी जे विशीत आहेत त्यांना आठवले म्हणजे मोबाईलमधला माणूस वाटतो, रंगीत जाकीट घातलेला, ‘गो करोना’वाला. फेब्रुवारी २०२० मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळ दिलेली ती घोषणा जगभर फिरली. पण हा माणूस आला कुठून? सांगली जिल्ह्यातल्या आगळगावातून. जन्म २५ डिसेंबर १९५९. (तारखेकडं लक्ष द्या. १९२७ मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली, आणि १९५४ मध्ये याच तारखेला बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तारखेत माणसाचा काही हात नसतो, पण दरवर्षी या दिवशी देहूरोडच्या गर्दीत त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स दिसले की मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.) मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या पोरांमधला हा एक पोरगा. १९७२ ची दलित पँथर मार्च १९७७ मध्ये राजा ढाल्यांनी बरखास्त केल्याचं जाहीर केलं. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी भारतीय दलित पँथर या नावानं झेंडा पुढं नेला. त्यात अरुण कांबळे, गंगाधर गाडे यांच्याबरोबर आठवले होते.

मग नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. ठराव कागदावर राहिला आणि माणसं रस्त्यावर आली. लाठ्या, जेल, १९७९ चा जोगेंद्र कवाड्यांचा लाँग मार्च, हे सगळं झालं. त्या सोळा वर्षांच्या लढ्यात हा माणूस गावोगाव फिरला. हे नाकारून जी समीक्षा सुरू होईल ती प्रामाणिक नाही. आमच्या वस्तीत पँथरमधले एक काका आहेत. ते म्हणतात, ‘‘तुम्ही व्हिडिओ बघता. आम्ही त्याच्याबरोबर एस.टी.च्या टपावर बसून गेलोय.’’

१९९० मध्ये आठवले विधान परिषदेवर गेले आणि शरद पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं तेव्हाही पवार मुख्यमंत्री होते आणि आठवले मंत्री. त्याच्या आधी दोन महिनेही झाले नव्हते, नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं होतं. मागितलं होतं नामांतर, हातात आला नामविस्तार. बाबासाहेबांचं नाव पुढं, ‘मराठवाडा’ तसंच मागं. रस्त्यावरची मागणी आणि मंत्रालयातून मिळालेलं उत्तर यात हा जो एका शब्दाचा फरक पडला, तो मला आठवल्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीत दिसतो. शब्द जवळपास तोच असतो, मध्ये काहीतरी गळालेलं असतं.

१९९८ ला मात्र कमाल झाली होती. रिपब्लिकनांचे गट एक झाले, काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून चौघे लोकसभेत गेले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून आठवले. चारही जागा खुल्या. राखीव एकही नाही! काका ही गोष्ट सांगताना अजूनही खुर्चीतून उठतात. वर्षभरात लोकसभा विसर्जित झाली आणि एकी तिच्या आधीच फुटली. आठवले पवारांच्या नव्या पक्षाबरोबर गेले आणि १९९९ व २००४ ला पंढरपूरच्या राखीव जागेवरून निवडून आले. मतदारसंघांच्या फेररचनेत पंढरपूर गेलं, २००९ ला ते शिर्डीतून उभे राहिले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौऱ्यांकडून पडले. २०११ ला त्याच शिवसेनेशी आणि भाजपशी युती केली. शिवशक्ती-भीमशक्ती असं तिचं नाव. २०१४ ला भाजपच्या मदतीनं राज्यसभा, ५ जुलै २०१६ ला केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री, २०१९ ला पुन्हा तेच, २०२० ला पुन्हा राज्यसभा, २०२४ ला तिसऱ्यांदा राज्यमंत्रिपदाची शपथ. एकूण संसदेतला काळ मोजा. बाबासाहेबांनंतर आपल्या महाराष्ट्रातून इतकी वर्षं दिल्लीत बसलेला रिपब्लिकन दुसरा नाही. दादासाहेब गायकवाडसुद्धा लोकसभेची पाच आणि राज्यसभेची सहा अशी अकराच वर्षं होते.

आता त्याच्या उलट बाजूचा हिशेब. २००४ नंतर महाराष्ट्रातून रिपब्लिकन म्हणवणारा एकही माणूस लोकसभेवर निवडून गेलेला नाही. आमच्या पिंपरीचंच घ्या. २००९ पासून पिंपरी विधानसभा राखीव आहे. कारखान्यांनी बोलावलेली आपली माणसं इथं मराठवाड्यातून, सोलापुरातून आली, वस्त्या झाल्या, विहारं झाली. २०१४ ला युती तुटली तेव्हा आठवले भाजपकडं राहिले आणि पिंपरीची जागा त्यांच्या पक्षाला सुटली. ती पडली. जिंकली शिवसेना, जिच्याशी तीन वर्षांपूर्वी ‘भीमशक्ती’ जोडली होती. त्या वर्षी राज्यात त्यांचा एकही आमदार आला नाही. म्हणजे साहेब राज्यसभेत चढले त्याच वर्षी पक्ष विधानसभेत शून्यावर आला. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, हा प्रश्न मला तरी कवितेपेक्षा मोठा वाटतो. पण मी कवितेवर आलोय, तर कविता घेऊ.

१९ जून २०१९. लोकसभेच्या अध्यक्षपदी ओम बिर्ला निवडले गेले. अभिनंदनाच्या भाषणांत आठवले उठले आणि यमकं जुळवत बोलले. सभागृह लोटपोट झालं. पंतप्रधान हसले, राहुल गांधी हसले. बोलता बोलता त्यांनी हेही सांगून टाकलं की निवडणुकीआधी काँग्रेसवाले मला बोलावत होते, पण हवेचा रोख मी पाहिला आणि इकडेच राहिलो, अशा अर्थाचं. त्यावर अजून मोठा हशा.

हा व्हिडिओ आमच्या मिलच्या कॅन्टीनमध्ये सुपरवायझरनं सगळ्यांना दाखवला होता. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, ‘‘बघ रे, तुमचा आठवले!’’ तुमचा. त्याच्या पक्षाचा मंत्री, त्याच्या सरकारला टेकू देणारा खासदार, पण हसताना तो ‘तुमचा’ होतो. मी डबा खात राहिलो.

आता यमक हा काही गुन्हा नाही. वामनदादा कर्डकांनी जन्मभर यमकं जुळवली आणि त्यांच्या यमकांवर दोन पिढ्या उभ्या राहिल्या. बाबासाहेबांच्या हयातीतल्या आंबेडकरी जलशात यमकं होती, विनोद होता, सोंगं होती. पांढरपेशे समीक्षक यमकाला नाक मुरडतात ते वेगळ्या कारणानं. त्यांना मुक्तछंद म्हणजे आधुनिक आणि आमचं गाणं म्हणजे करमणूक वाटते. मला त्या कविसंमेलनात जो टोमणा मिळाला त्यात हाही भाग होता. तेव्हा ‘आठवल्यांची कविता बालिश’ एवढं बोलून जे सुटतात त्यांच्या बाजूनं मी नाही.

आणि उलटही बघा. नामदेव ढसाळ. ‘गोलपिठा’ १९७२ चा. त्या ताकदीची कविता मराठीत क्वचित झाली. पण याच ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला, पुढं शिवसेनेच्या मुखपत्रात लिहिलं. म्हणजे थोर कवितेनं राजकारणाची हमी दिली नाही. मग हलक्या कवितेवरून राजकारण हलकं, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं? हा हिशेब कवितेच्या दर्जावर सुटत नाही. दुसरं काहीतरी बघावं लागतं.

मी काय बघितलं ते सांगतो. तमाशात सोंगाड्या असतो. तो राजाला विचारतो, पाटलाची टोपी उडवतो, सावकाराची नक्कल करतो. पब्लिक हसतं ते पाटलाला. सोंगाड्या महार-मांगाचा, पण त्या दोन तासांत गावाचा पाटील त्याच्या जिभेखाली असतो. जलशानं हाच विनोद उचलला आणि भटजी-सावकारावर फिरवला. आपल्या विनोदाची वहिवाट अशी आहे, खालून वर जाणारी. आठवल्यांच्या यमकांचा रोख काढा. अध्यक्ष थोर, पंतप्रधान थोर, आणि गंमत कुणाची? स्वतःची. हवा बघून बाजू बदलणारा मी, बघा किती भाबडा! सोंगाड्या तोच, पण त्यानं पाटलाची टोपी सोडून स्वतःची उडवली. पाटील हसणारच. पाटलाला इतका बिनधोक विनोद कुठं मिळणार? त्या सभागृहात आपल्या माणसाचं मराठी वळणाचं हिंदीही हसण्याचा भाग होतं, हे ज्यांच्या कानाला कळतं त्यांना कळलं असेल.

काकांना हे वाचून दाखवलं. ते चिडले. म्हणाले, ‘‘तो बावळट नाही. हसवून वेळ मिळवतो. पाचशे माणसांत एकटा बसलाय, पाठीशी खासदार नाहीत, तर काय गर्जना करणार? आणि आपल्या पोराचं मर्डर झालं, की गावात पहिला कोण येतो ते विचार.’’ काकांचं हे बोलणं मी खोडू शकत नाही. एकटा माणूस सभागृहात कसा टिकतो हे मला मिलमध्ये रोज कळतं. मीही सुपरवायझरच्या कॅन्टीनमधल्या विनोदावर कधीकधी हसतो, कारण शिफ्ट त्याच्या हातात आहे. म्हणून मी कविता बाजूला ठेवली आणि गद्याकडं वळलो. खासदाराचं गद्य म्हणजे त्याची लेखी उत्तरं. कवितेला कुणी मरत नाही. उत्तराला मरतं.

आठवले ज्या खात्यात होते ते सामाजिक न्याय खातं. म्हणजे आपलं खातं. शिष्यवृत्ती, सफाई कामगार, ॲट्रॉसिटी, सगळं तिथं. मंत्री झाल्यावर सहाव्या दिवशी, ११ जुलै २०१६ ला, गुजरातेत उना इथं मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना बांधून मारलं. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायदा ढिला केला. मूळ खटला आपल्याच कराडचा. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसं मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८ अ घालून कायदा पूर्ववत केला. त्या दुरुस्तीच्या वेळी आठवले खात्यात होते, त्याचं जेवढं श्रेय असेल तेवढं त्यांना द्या. पण ते विधेयक रस्त्यानं लिहिलं. त्याच वर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपल्यावर दगड आले, दुसऱ्या दिवशी गुन्हा आमच्या पिंपरी पोलीस ठाण्यात नोंदला गेला आणि तिथून शिक्रापूरला वर्ग झाला. ३ तारखेचा बंद प्रकाश आंबेडकरांनी पुकारला. मंत्री बंद पुकारत नसतो. एकदा मंत्री झालं की हे हत्यार घरी ठेवून जावं लागतं. पँथरच्या माणसाकडं मुळात दुसरं हत्यार होतं कुठलं?

आता उत्तर. फेब्रुवारी २०२१ मध्ये आठवल्यांनी लोकसभेत लेखी माहिती दिली की २०२० अखेरपर्यंतच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. त्यात महाराष्ट्रातली ३४. हे आकडे सरकारी, म्हणजे जेवढी प्रेतं कागदावर आली तेवढीच. मग जुलै २०२१. राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे वगैरेंनी प्रश्न विचारला. या वेळी उत्तर आलं की हातानं मैला साफ करण्यामुळं एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही.

एकही नाही!

खाली नाव तेच, रामदास आठवले. सहा महिन्यांत ३४० माणसं गेली कुठं? कुठं गेली नाहीत, व्याख्येत गेली. २०१३ चा जो कायदा आहे त्यात ‘हातानं मैला साफ करणारा’ वेगळा आणि गटार-टाकीतली ‘धोकादायक सफाई’ वेगळी. उघड्या संडासाचा मैला उचलला तर तुम्ही पहिल्या खणात, चेंबरमध्ये उतरून गॅसनं गेलात तर दुसऱ्या. प्रश्न पहिल्या खणाबद्दल विचारला, उत्तर पहिल्या खणाचं दिलं. खोटं एक अक्षर नाही. उत्तर बाबूंनी लिहिलं असणार हेही मान्य. पण कवी म्हणून मी सांगतो, हे उत्तर ज्यानं वाचून सही केली त्याला शब्द कळतात. दोन शब्दांना एका सुरात जुळवणारा माणूस दोन शब्दांतली फट ओळखतोच. यमक म्हणजे दुसरं काय?

माझे मामा ड्रेनेजच्या कामावर आहेत, एका ठेकेदाराकडं. जेटिंग मशीन आहे, ते आधी लावतात. पण चेंबरला कपडा-गाळ अडकला की मशीन फिरतं आणि पाणी तुंबून राहतं. मग मामा कमरेला दोरी बांधून उतरतात. आधी माचीस पेटवून खाली सोडायची, विझली की थांबायचं, अशी त्यांची गॅस तपासायची रीत. त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर ‘हेल्पर’ लिहिलंय. मी त्यांना विचारलं, तुम्ही नेमके कोण? म्हणाले, ‘‘कार्ड बघ की.’’ म्हणजे मामांना उद्या काही झालं तर ते मैला साफ करणारे नव्हतेच, ते हेल्पर होते. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मृत्यूला १० लाख ठरवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. पण ते मिळवायला आधी तुमचा माणूस गटारात मेला हे कागदावर यावं लागतं. मामांच्या कार्डावरचा शब्द आणि राज्यसभेतल्या उत्तरातला शब्द एकाच शाईचे आहेत.

आता मला सांगा, आपण हसायचं कशाला? ‘गो करोना’ला? आपण चार वर्षं त्या चारोळ्यांच्या नकला केल्या, व्हॉट्सॲपवर फिरवल्या, आणि जुलै २०२१ चं उत्तर आपल्यातल्या किती जणांनी वाचलं? मीही नव्हतं वाचलं. त्या हॉलमधल्या हशानंतर शोधलं तेव्हा सापडलं. प्रस्थापित वर्तमानपत्रं त्यांना विदूषक ठरवतात आणि आपणही ते मान्य करतो, कारण विदूषकाला जाब विचारावा लागत नाही. विरोधात हसणारे आणि बाजूनं हसणारे, दोघांनी मिळून या माणसाला उत्तर देण्यापासून वाचवलंय.

मी आठवल्यांना गद्दार म्हणणार नाही. तो शब्द आपल्या चळवळीत इतका वाटला गेलाय की प्रत्येकाच्या वाट्याला दोनदा आला. माझं म्हणणं साधं आहे. सोळा वर्षं एका शब्दासाठी, ‘नामांतर’ या शब्दासाठी ज्यानं रस्ता धरला, त्या माणसाच्या सहीनं एक शब्द इकडचा तिकडं झाला आणि ३४० माणसं एका खणातून निघून गेली. समीक्षकाला कवीची सगळ्यात वाईट ओळ दाखवावी लागते. माझ्या मते त्यांची सगळ्यात वाईट ओळ ही. हिला यमक नाही आणि हिच्यावर कुणी हसलं नाही.

काकांना शेवटी हे उत्तर मोबाईलवर वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘पत्र लिही त्याला. साहेब म्हणून लिही, पण लिही. माझं नाव घाल, टपावर बसलेला म्हण, ओळखेल.’’ पत्र लिहिलंय. दोन पानं आहेत, यमक एकही नाही. मामांच्या कार्डाची झेरॉक्स जोडायची होती, पण मामा नको म्हणाले, काम जाईल. ती न जोडताच रजिस्टर पोस्टानं पाठवलंय. पोचपावती आली की पुढच्या अंकात कळवतो.